प्रदर्शनानंतरचा क्रीडाभाव : फिलिप गस्टनच्या चित्रप्रवासातील दोन मध्यंतरे

प्रास्ताविक

चित्रकाराच्या कारकिर्दीचा आलेख मांडताना प्रदर्शनांचा उपयोग मैलाच्या दगडांसारखा केला जातो. अमुक साली पहिले एकल प्रदर्शन, अमुक साली परदेशी कलादालनात चित्रे, अमुक साली सिंहावलोकनी प्रदर्शन, अशा क्रमाने चरित्रपट तयार होतो आणि समीक्षाही बहुधा त्याच क्रमाने पुढे सरकते. दोन प्रदर्शनांच्या मधला काळ या आलेखात कोराच राहतो. भिंतींवरून चित्रे उतरवली गेली, विकली न गेलेली परत आली, परीक्षणे छापून आली, त्यानंतर चित्रकाराच्या खोलीत काय घडले याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. चित्रकाराचा हात मात्र या काळातच सर्वाधिक अडचणीत असतो. ज्या प्रकारच्या चित्राला नुकतीच मान्यता मिळाली ते चित्र कसे काढायचे हे त्या हाताला पक्के ठाऊक झालेले असते आणि हे ठाऊक असणेच पुढच्या निर्मितीच्या आड येते.

प्रस्तुत लेखात या मधल्या काळाचा विचार अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टन (1913-1980) याच्या संदर्भात केलेला आहे. गस्टनच्या बाबतीत अशी दोन मध्यंतरे स्पष्टपणे दाखवता येतात. पहिले 1966 च्या प्रदर्शनानंतरचे, दुसरे 1970 च्या प्रदर्शनानंतरचे. पहिल्या प्रदर्शनापूर्वी त्याच्याकडे प्रतिष्ठा होती, दुसऱ्या प्रदर्शनाने ती प्रतिष्ठा जवळजवळ हिरावून घेतली. दोन्ही वेळी तो ज्या मार्गाने पुन्हा चित्राकडे आला त्या मार्गात विलक्षण साम्य आहे. मोठा कॅनव्हास बाजूला ठेवून तो कागदाकडे किंवा लहान फळीकडे वळला, विषय क्षुल्लक केला आणि काही काळ कोणासाठीही चित्र काढले नाही. या अवस्थेला येथे 'क्रीडाभाव' अशी संज्ञा वापरली आहे. करमणूक किंवा विरंगुळा असा त्याचा अर्थ नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

क्रीडेची संकल्पना आणि चित्रकला

कलेचा खेळाशी असलेला संबंध सौंदर्यशास्त्राला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते 'क्रीडनीयक' आहे, म्हणजे पाहता आणि ऐकता येईल असे खेळणे. युरोपात शिलरने 1795 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून क्रीडाप्रेरणेला मानवी पूर्णत्वाच्या केंद्रस्थानी ठेवले. योहान हाइझिंगा या डच इतिहासकाराने 1938 मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथात संस्कृतीच्या बहुतेक अंगांचा उगम खेळात शोधला. तथापि या ग्रंथात चित्र-शिल्पादी कलांपाशी येताच हाइझिंगा काहीसा अडखळतो. संगीत, नृत्य, नाट्य हे प्रत्यक्ष सादरीकरणात जगतात म्हणून त्यांत खेळ दिसतो. चित्रकार मात्र जड द्रव्याशी झगडत एकांतात श्रम करतो आणि त्याची कृती पूर्ण झाल्यावरच लोकांपुढे येते, तेव्हा तेथे खेळाला जागा कमी, असे त्याचे प्रतिपादन आहे.

नाट्यशास्त्रातील क्रीडनीयकही प्रेक्षकांना मिळालेले आहे. कर्त्याच्या खेळाचे काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट याचे 'प्लेइंग अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक 1971 मध्ये आले. त्याने खेळ हा आतले जग आणि बाहेरचे जग यांच्या दरम्यानच्या प्रदेशात घडतो असे मांडले आणि त्यासाठी एका प्रकारच्या विश्वासाची, सुरक्षित अवकाशाची गरज सांगितली. प्रदर्शन हा अवकाश तात्पुरता का होईना मोडते. जे चित्र काल 'होत' होते ते आज 'झालेले' असते, त्याला क्रमांक, किंमत आणि अन्वयार्थ चिकटतो. चित्रकाराला पुन्हा खेळता येण्यासाठी तो मोडलेला अवकाश नव्याने उभारावा लागतो. गस्टनने तो कसा उभारला हे पाहताना हाइझिंगाच्या शंकेचेही उत्तर मिळते. चित्रकलेतला खेळ हाइझिंगाने पूर्ण झालेल्या चित्रात शोधला. तो दोन चित्रांच्या मधल्या काळात शोधावयास हवा होता.

1966 पर्यंतचा गस्टन

गस्टनचा जन्म कॅनडातील माँट्रियल येथे ओडेसाहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव गोल्डस्टीन. बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले. तो लहान असतानाच वडिलांनी गळफास घेऊन आत्महत्या केली. घरातल्या कपाटात शिरून, वर लोंबणाऱ्या एकट्या दिव्याच्या उजेडात चित्रे काढत बसणारा मुलगा हे त्याच्या चरित्रातले सर्वपरिचित चित्र आहे. आईने त्याला व्यंगचित्रकलेच्या पत्रद्वारा शिक्षणक्रमात घातले होते. जॉर्ज हेरिमनची 'क्रेझी कॅट' आणि बड फिशरची 'मट अँड जेफ' या वर्तमानपत्री चित्रमालिका त्याच्या आवडीच्या. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

तिशीच्या दशकात तो भित्तिचित्रकार होता, राजकीय जाणिवेचा होता. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या टोकदार बुरख्यातील माणसे त्याने तेव्हाच रंगवली होती. स्कॉट्सबरो खटल्याच्या संदर्भात लॉस एंजेलिसमध्ये केलेल्या अशा काही फलकांची 1933 मध्ये पोलिसांच्याच पथकाने नासधूस केली. 1948 मध्ये शिष्यवृत्तीवर तो रोमला गेला. तेथे रंगकाम फारसे झाले नाही. इस्किया बेटावरच्या घरांची रेखाटने करता करता घरांच्या आकृती सैल होत गेल्या आणि तेथूनच त्याच्या अमूर्ताचा आरंभ झाला. म्हणजे वळणापाशी कुंचला थांबणे आणि रेघ पुढे होणे ही त्याची जुनीच रीत होती.

पन्नाशीच्या दशकातील त्याची अमूर्त चित्रे, गुलाबी-तांबड्या छटांचे मध्यभागी साकळलेले आणि कडांकडे विरत जाणारे फटकारे, ही न्यूयॉर्कच्या अमूर्त अभिव्यक्तिवादी गटातील सर्वांत हळुवार चित्रे मानली गेली. मराठी वाचकाला या चित्रांचे सौंदर्य समजावून सांगायचे झाल्यास मर्ढेकरांची लयविषयक मीमांसा पुरेशी आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तिन्ही तत्त्वांचा प्रत्यय या चित्रांतील रंगसंवेदनांच्या परस्परसंबंधांत येतो आणि चित्राबाहेरच्या कोणत्याही आशयाची मदत घ्यावी लागत नाही. गस्टनच्या 1968 नंतरच्या चित्रांपुढे मात्र हीच मीमांसा अपुरी पडते. बूट, विडी, खिळे, दिवा यांचे अर्थ तेथे चित्राच्या घटनेतच शिरलेले आहेत. एकाच चित्रकाराच्या दोन टप्प्यांनी एका सिद्धांताची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही दाखवून द्याव्यात, हे अभ्यासकांच्या दृष्टीने सोयीचेच म्हटले पाहिजे.

1960 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनातील चार कलावंतांत गस्टन होता. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. त्याच वर्षी सिडनी जॅनिस कलादालनाने पॉप आर्टला जागा दिली म्हणून निषेधार्थ ते दालन सोडणाऱ्यांत रॉथको, मदरवेल, गॉटलिब यांच्याबरोबर गस्टनही होता. अवघ्या आठ वर्षांनी कॉमिक्ससारखी चित्रे काढतो म्हणून त्याच्यावरच टीका व्हायची होती.

पहिले मध्यंतर : रेघेचा शोध

जानेवारी 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये गस्टनची अलीकडची चित्रे मांडली गेली. त्यांतील कॅनव्हास करड्या-काळ्या रंगांचे होते. ओला काळा रंग पांढऱ्याने पुसत जायचे, त्यातून करडा तयार होत जायचा आणि त्या धुक्यात डोक्यासारखा एखादा काळा गोळा उरायचा, असे त्यांचे स्वरूप होते. काही चित्रांना 'मस्तक' किंवा 'व्यक्तिचित्र' अशा अर्थाची नावे होती. अमूर्ताच्या आतून काहीतरी आकृतिरूप बाहेर येऊ पाहत होते, पण चित्रकार त्याला बाहेर येऊ देत नव्हता, असे या चित्रांविषयी आज म्हणता येते.

हे प्रदर्शन संपल्यावर गस्टनने रंगवणे थांबवले. सुमारे दोन वर्षे त्याने केवळ रेखाटने केली. 1967 मध्ये तो न्यूयॉर्क सोडून वुडस्टॉक या गावी कायमचा राहावयास गेला. दरम्यानचा काही काळ फ्लोरिडात गेला. वैवाहिक जीवनातही तो काळ तणावाचा होता.

ही रेखाटने मुळातून पाहण्यासारखी आहेत. कोळशाने किंवा शाईत बुडवलेल्या कुंचल्याने कागदावर एक रेघ. कधी दोन. कधी एका बाजूने उघडा राहिलेला चौकोन, कधी कागदाच्या कडेपाशी थबकलेला फटकारा. तीस वर्षे रंगवलेल्या, भित्तिचित्रे केलेल्या, पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या रचनेची आयुष्यभर उपासना केलेल्या माणसाने एवढ्यावर थांबावे, हे वरवर पाहता दैन्य वाटते. प्रत्यक्षात त्याने आपल्याजवळचे कौशल्य एकेक करून गहाण टाकले होते. रंग नाही, पोत नाही, पुसणे नाही, रचनेची गुंतागुंत नाही. उरले ते एवढेच की कागदावर काहीतरी ठेवल्याबरोबर कागद बदलतो. मूल पहिल्यांदा भिंतीवर कोळसा ओढते तेव्हा त्याला जे आश्चर्य वाटते त्याच आश्चर्याच्या जागी हा चित्रकार वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परत गेला होता.

फरक एवढाच की मुलाला ते आश्चर्य फुकट मिळते. गस्टनला त्यासाठी दोन वर्षे द्यावी लागली.

यानंतरची हालचाल अधिक उद्बोधक आहे. 'शुद्ध' रेघांची ही रेखाटने एका बाजूला चालू असतानाच तो भोवतालच्या वस्तू काढू लागला. पुस्तक, बूट, हात, शाईची दौत. पुढे दिलेल्या व्याख्यानांत त्याने या काळाचे जे वर्णन केले आहे त्यावरून असे दिसते की तो दोन्ही टोकांमध्ये सतत हेलकावत होता. एके दिवशी शुद्ध रेघांवर विश्वास बसे, दुसऱ्या दिवशी त्यांचा वीट येऊन तो वस्तूंकडे धावे, पुन्हा वस्तूंची लाज वाटून रेघांकडे परते. या हेलकाव्यांना निर्णयप्रक्रिया म्हणणे चुकीचे होईल. निर्णय घेणारा माणूस पर्याय तोलतो, गस्टन तर दोन्ही पर्याय आळीपाळीने खेळून पाहत होता. झोपाळा जसा मध्यावर थांबण्यासाठी हलत नाही, तसे हे हलणे होते.

1968 मध्ये त्याने पुन्हा रंग हाती घेतला, पण कॅनव्हास घेतला नाही. एक-दीड फुटाच्या लहान फळ्यांवर अ‍ॅक्रिलिक रंगात त्याने एकेक वस्तू रंगवली. एका फळीवर एक बूट, एका फळीवर एक पुस्तक, एकीवर घड्याळ, एकीवर विटांची भिंत, एकीवर दिव्याचा गोळा. अंकलिपीच्या पुस्तकात अक्षरापुढे वस्तू काढलेली असते तशी ही चित्रे आहेत. पुस्तक तर इतके ठोकळेबाज आहे की ते वीटही असू शकेल, आणि नेमकी हीच त्यातली गंमत आहे. पुस्तकाच्या ओळी उभ्या रेघोट्यांनी दाखवल्या की पुस्तक होते, त्याच रेघोट्या जरा दूर नेल्या की इमारतीच्या खिडक्या होतात, बुरख्यावर दिल्या की टाके होतात. खेळाचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. काठीचा घोडा होतो तो काठी घोड्यासारखी दिसते म्हणून नव्हे. ती पायांत धरता येते आणि मग पळता येते, म्हणून तिचा घोडा होतो. गस्टनच्या फळ्यांवरील वस्तू अशाच 'हाताळता येण्याजोग्या' आहेत. त्यांचा आकार लहान असणे हाही केवळ तपशील नाही. लहान फळी बिघडली तर बाजूला ठेवता येते, दिवसात तीन-चार करता येतात, भिंतीवर एकमेकींशेजारी लावून त्यांची अदलाबदल करता येते. सहा फुटी कॅनव्हासवर हे स्वातंत्र्य राहत नाही.

बुरखा आणि भय

या फळ्यांतूनच बुरखा परत आला. पस्तीस वर्षांपूर्वी पोलिसांनी ज्यांची मोडतोड केली होती ती बुरखेधारी माणसे आता वेगळ्या रूपात अवतरली. तिशीच्या दशकातील चित्रांत ती भयावह खलनायक होती. 1969 च्या 'सिटी लिमिट्स' मध्ये मात्र ती एका डबड्यासारख्या मोटारीत दाटीवाटीने बसून शहराच्या वेशीवरून फिरताना दिसतात. ती विड्या ओढतात, बोटे दाखवतात, गप्पा मारतात असे वाटते. 'द स्टुडिओ' (1969) या चित्रात बुरखेधारी स्वतःच चित्रफलकापुढे बसून बुरखेधाऱ्याचेच चित्र काढतो आहे. एका हातात कुंचला, दुसऱ्यात धूर सोडणारी सिगारेट, डोक्यावर बालपणीच्या कपाटातला तोच लोंबता दिवा. दुष्टाचे चित्र काढणारा स्वतः दुष्टाच्या कातड्यात शिरला आहे.

येथे गस्टनविषयीच्या एका रूढ अन्वयार्थाचा परामर्श घेणे आवश्यक ठरते. व्हिएतनाम युद्ध, 1968 मधील शिकागोच्या अधिवेशनप्रसंगीचा हिंसाचार यांमुळे अस्वस्थ झालेल्या चित्रकाराने अमूर्त कलेचा त्याग करून सामाजिक वास्तवाकडे वळण्याचा निर्णय घेतला, असे सांगितले जाते. बाहेर असे काही चालले असताना आपण घरात बसून एक तांबडा रंग एका निळ्या रंगाशी जुळवत राहावे काय, असा प्रश्न आपल्याला पडला होता, या आशयाचे गस्टनचे उद्गार त्यासाठी आधार म्हणून दिले जातात. हे उद्गार खरे आहेत आणि त्यांतली कळकळही खरी आहे. पण ते घडून गेलेल्या परिवर्तनाकडे मागे वळून पाहताना काढलेले आहेत. कागदांचा क्रम पाहिला तर वेगळे दिसते. आधी एक रेघ आली, मग बूट आणि पुस्तक आले, मग लहान फळ्या आल्या, आणि त्यानंतर मोठ्या कॅनव्हासवरची बुरखेधारी नगरी आली. निषेधाच्या निर्णयातून चित्रे निघाली असती तर पहिला कागद बुटाचा नसता. राजकीय आशय या चित्रांत आहेच, किंबहुना त्याशिवाय ती पोकळ झाली असती. परंतु त्या आशयाला दार उघडून मिळाले ते खेळामुळे. लहानपणीचे भय, वडिलांच्या मृत्यूतील दोर, तरुणपणी पाहिलेला द्वेष हे सारे अमूर्ताच्या शिस्तीत वर्षानुवर्षे दाराबाहेर उभे होते. बुटाचे चित्र काढायला हरकत नाही असे ठरल्यावर त्या बुटामागून तेही आत आले.

क्रीडाभावाला निरागसता समजणारी समीक्षा या ठिकाणी गोंधळते. मुलांच्या खेळात चोर-पोलीस असतात, राक्षस असतात, मरणे असते. खेळ भय घालवत नाही, ते हाताळण्याजोगे करतो एवढेच.

1970 चे प्रदर्शन

ऑक्टोबर 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत ही नवी चित्रे लोकांपुढे आली. अमूर्त अभिव्यक्तिवादाच्या हळुवार कवीकडून कोणालाही अशा चित्रांची अपेक्षा नव्हती. हिल्टन क्रेमर या समीक्षकाने 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्ये 25 ऑक्टोबर रोजी लिहिलेल्या परीक्षणाच्या शीर्षकातच गस्टनला अडाण्याचे सोंग घेणारा दरबारी पंडित ठरवले. 'टाइम' साप्ताहिकात रॉबर्ट ह्यूजने क्लॅनच्या नावावर कोटी करून ही चित्रे कॉमिक्समध्ये जमा केली. संगीतकार मॉर्टन फेल्डमन हा गस्टनचा जिवलग मित्र. तो ही चित्रे पाहून गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यात दोघांची मैत्री संपली. हॅरॉल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाने 'न्यूयॉर्कर' मध्ये अनुकूल लिहिले. चित्रकार विलेम डी कूनिंगने ही चित्रे खऱ्या अर्थाने स्वातंत्र्याविषयीची आहेत असे सांगून मित्राला आधार दिला. पण हे अपवाद होते.

क्रेमरचे परीक्षण आज बहुधा समीक्षेतील फसगतीचा नमुना म्हणून उद्धृत केले जाते. ते तसे बाजूला सारणे योग्य नाही. इतके शिकलेला हात अडाण्यासारखा चालू शकतो काय, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न रास्त आहे. क्रेमर चुकला तो 'सोंग' म्हणजे खोटेपणा असे गृहीत धरण्यात. मराठी भाषेला सोंगाचा दुसरा अर्थ माहीत आहे. एकनाथांसारखा व्युत्पन्न पंडित भारुडात वेड्याचे, बहिऱ्याचे, जोगव्याचे सोंग घेतो तेव्हा तो प्रेक्षकांना फसवत नाही. त्या सोंगाशिवाय जे बोलता आले नसते ते तो बोलतो. पांडित्य तेथे नाहीसे झालेले नसते, ते सोंगाच्या सेवेला लागलेले असते. गस्टनच्या बुरखेधाऱ्यांच्या मागे पिएरोच्या आकृतींची स्थिरता आहे, दी किरिकोच्या रिकाम्या चौकांतला उजेड आहे, आणि ते लपवण्याचा त्याने प्रयत्नही केलेला नाही. क्रेमरला पंडितही दिसला आणि सोंगही दिसले, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे मात्र त्याने मानले नाही.

दुसरे मध्यंतर : रोम

प्रदर्शन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गस्टन इटलीला गेला. रोममधील अमेरिकन अकॅडमीत निवासी कलावंत म्हणून त्याने 1971 च्या वसंतापर्यंतचे महिने काढले. बावीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर आला होता तीच ही संस्था. परीक्षणे त्याला परदेशातच वाचावयास मिळाली.

या मुक्कामाचा आरंभ निष्क्रियतेत गेला. जुनी आवडती चित्रे पुन्हा पाहणे, अवशेषांतून भटकणे यांत तो रमला. मग कागद आला. 'रोमा' या नावाने आज ओळखली जाणारी चित्रमालिका कागदावरील तैलरंगात आहे. विषय पाहिले तर पहिल्या मध्यंतराची आठवण व्हावी. रोमच्या उद्यानांतील कातरून गोळे-शंकू केलेली झाडे, ऑस्टियाच्या उत्खननातील विटांच्या भिंती, मोडक्या स्तंभांचे तुकडे, कारंजी. कातरलेल्या झाडाचा शंकू आणि बुरख्याचा शंकू यांत फरक करणे काही कागदांवर अवघड जाते. बुरखेधारी माणसे येथे हळूहळू झाडे होतात, दगड होतात, अवशेष होतात. ज्या आकृतींमुळे न्यूयॉर्कमध्ये एवढा गदारोळ झाला त्याच आकृती घेऊन हा माणूस बागेत खेळत बसला होता. गुलाबी रंगही तोच आहे, पण न्यूयॉर्कच्या चित्रांत तो मांसाचा वाटतो, येथे संध्याकाळच्या भिंतींचा वाटतो.

ही मालिका दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये 2011 साली ती स्वतंत्रपणे दाखवली गेली तेव्हा तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. दुर्लक्षाचे कारण उघड आहे. मोठ्या कॅनव्हासांच्या दोन टप्प्यांमधली ही कागदी चित्रे 'महत्त्वाची' वाटत नाहीत. बिनमहत्त्वाचे असणे हीच त्यांची कार्यशक्ती होती, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. 1970 च्या प्रदर्शनानंतर गस्टन आपल्या आकृतींचे समर्थन करत बसला असता किंवा त्यांचा त्याग करता तर दोन्ही परिस्थितींत तो परीक्षणांनाच उत्तर देत राहिला असता. त्याने त्या आकृतींना झाडे केले. उत्तर देण्याची गरजच त्यामुळे मागे पडली.

1971 च्या उन्हाळ्यात वुडस्टॉकला परतल्यावर हा मोकळेपणा आणखी एका रूपात प्रकटला. शेजारी राहणारा कादंबरीकार फिलिप रॉथ तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सनवर उपरोधिक कादंबरी लिहीत होता. त्या गप्पांच्या संगतीत गस्टनने निक्सनवर सत्तरहून अधिक रेखाटने केली. निक्सनचे नाक आणि गाल यांतून त्याने काय काय निर्माण केले हे पाहताना वॉटरगेट प्रकरण अद्याप घडायचे होते याचे आश्चर्य वाटते. ही रेखाटने त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत, 'पुअर रिचर्ड' या नावाने ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या काळातील 'पेंटिंग, स्मोकिंग, ईटिंग' (1973) यासारखी चित्रे, ज्यात पांघरुणात पडलेल्या एकाक्ष मस्तकाच्या छातीवर तळलेल्या बटाट्यांची थाळी आहे आणि मागे बुटांचा ढीग आहे, ही या दोन कागदी वर्षांशिवाय संभवली नसती.

मर्यादा

या प्रतिपादनातून सुखाचे चित्र उभे राहू नये. गस्टन आनंदी माणूस नव्हता. मद्य, सतत धूम्रपान, रात्र-रात्र जागून काम, दीर्घ नैराश्य यांचा तपशील त्याची कन्या म्यूसा मेयर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नाइट स्टुडिओ' या आठवणींत आलेला आहे आणि त्या घरातील इतरांना या निर्मितीची काय किंमत द्यावी लागली हेही त्यातून कळते. पत्नी म्यूसा मॅकिम स्वतः कवयित्री होती, चित्रकारही होती. पतीच्या मध्यंतरांत तिच्या निर्मितीला किती अवकाश मिळाला, हा प्रश्न गस्टनवरील गौरवपर लेखनात फारसा विचारला जात नाही. क्रीडेला सुरक्षित अवकाश लागतो हे विनिकॉटचे म्हणणे मान्य केले तर तो अवकाश कोणीतरी राखत असते, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरी मर्यादा ग्रहणाची आहे. चित्रकाराचा खेळ पाहणाऱ्याला खेळ म्हणून पोहोचेलच असे नाही. सप्टेंबर 2020 मध्ये वॉशिंग्टन, लंडन, बॉस्टन आणि ह्यूस्टन येथील चार संग्रहालयांनी गस्टनचे मोठे प्रदर्शन पुढे ढकलले. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या वातावरणात क्लॅनच्या बुरख्यांचा चुकीचा अर्थ लावला जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. अनेक कलावंतांनी जाहीर पत्र काढून याचा निषेध केला, म्यूसा मेयर यांनीही नापसंती व्यक्त केली. शेवटी मे 2022 मध्ये प्रदर्शन बॉस्टनला सुरू झाले आणि 2023 च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पोहोचले. संग्रहालयांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. ज्याच्या घराण्याने हा बुरखा प्रत्यक्ष पाहिला आहे त्या प्रेक्षकाने तो खेळण्यातला समजावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला आहे? तरीही पाच दशकांनंतर क्रेमरचाच प्रश्न संस्थांनी वेगळ्या भाषेत विचारला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

1980

1979 मध्ये गस्टनला हृदयविकाराचा तीव्र झटका आला. मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहणे कठीण झाल्यावर तो पुन्हा कागदाकडे वळला. या वेळी निमित्त प्रदर्शनाचे नव्हते, शरीराचे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या पन्नास वर्षांच्या कामाच्या सिंहावलोकनाची तयारी त्याच सुमारास चालली होती. म्हणजे एकीकडे त्याच्या सगळ्या मोठ्या चित्रांची यादी, वाहतूक आणि मांडणी चालू होती आणि दुसरीकडे तो टेबलाशी बसून अ‍ॅक्रिलिक आणि शाईने लहान लहान कागद रंगवत होता. चेरीची फळे, किटली, सँडविच, कशालाही न टेकलेली शिडी, चढावावर अडलेला एक गोळा. रंग पातळ आहे, रेघ थोडी कापरी आहे, पण बारा वर्षांपूर्वीच्या फळ्यांवरील बुटाइतकीच प्रत्येक वस्तू नवी दिसते. चेरींचे देठ तर इतके ताठ उभे आहेत की ती फळे कोणत्याही क्षणी चालू लागतील असे वाटावे.

सॅन फ्रान्सिस्कोचे प्रदर्शन मे 1980 मध्ये उघडले. गस्टन उद्घाटनाला उपस्थित होता. 7 जून रोजी वुडस्टॉक येथे त्याचे निधन झाले, तेव्हा प्रदर्शन अद्याप चालूच होते.